समुद्राचे दव आणि अंगणातील तुळस

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



बौद्ध वाङ्मयात जीवक नावाच्या वैद्याची एक कथा आहे. तक्षशिलेत सात वर्षे आयुर्वेदाचे अध्ययन केल्यावर त्याने गुरूंना विचारले, ‘‘हे शिक्षण संपणार तरी कधी?’’ गुरूंनी त्याच्या हाती एक कुदळ दिली आणि सांगितले, की तक्षशिलेच्या चारही दिशांना योजनभर हिंडून ये. जी वनस्पती औषधी नाही, अशी एखादी आढळली तर घेऊन ये. जीवक हिंडला आणि रिक्त हस्ताने परतला. औषध नव्हे अशी एकही वनस्पती आपणांस आढळली नाही, असे त्याने नम्रपणे सांगितले. गुरू म्हणाले, ‘‘तुझे शिक्षण पूर्ण झाले.’’

ही कथा आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. मात्र तिचा अर्धाच अर्थ घेतला जातो. ‘प्रत्येक वनस्पती औषध आहे’ हे वाक्य सर्वांना स्मरते. ते उच्चारण्यापूर्वी जीवकाने सात वर्षे घासली होती, हे कोणाला स्मरत नाही. चरकाचार्यांनी तर याहून कठोर शब्दांत बजावले आहे. नाम, रूप आणि गुण ठाऊक नसलेले औषध विषासारखे, शस्त्रासारखे, अग्नीसारखे असते. आणि नीट जाणलेले औषध अमृतासारखे असते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. वनस्पती तीच, पान तेच. विष आणि अमृत यांमधील अंतर केवळ ज्ञानाचे आहे.

आजचा विषय आहे रोझमेरी नावाच्या एका परदेशी वनस्पतीचा चहा. परदेशी वनस्पतीवर तासभर बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर शेवटी मिळेल. प्रारंभी एवढेच सांगावयाचे, की ही वनस्पती आता आपल्या घरांत येऊन पोहोचली आहे आणि तिला जाणून घेतल्याशिवाय तिचे स्वागत करणे किंवा तिला उंबरठ्याबाहेर ठेवणे, दोन्ही अविचाराचे ठरेल.

घराघरांतील दृश्य

पुण्या-मुंबईतील, नाशिक-नागपुरातील कोणत्याही मध्यमवर्गीय घरात हे दृश्य दिसू शकते. सून दुकानातून एक देखणे खोके आणते. त्यावर निळसर फुलांचे चित्र असते आणि स्मरणशक्ती, पचन, केस, त्वचा, वजन, तणाव अशा डझनभर गोष्टींची हमी असते. सासूबाई ते खोके उलटेपालटे करून पाहतात आणि म्हणतात, ‘‘अंगणात तुळस आहे, गवती चहा आहे, घरात सुंठ आहे. एवढे पैसे मोजून हे गवत कशाला आणायचे?’’ सून मनात म्हणते, यांना काय कळते! आणि सासूबाई मनात म्हणतात, हिला काय कळते!

गंमत अशी, की दोघींचेही थोडे बरोबर आहे आणि दोघींचेही थोडे चुकते आहे. चिंतेची बाब मात्र वेगळीच आहे. चार दिवसांनी सासूबाईच हळूच म्हणतात, ‘‘या चहाने रक्तदाब उतरतो म्हणे. मग ती सकाळची गोळी थोडे दिवस बंद करून पाहू का?’’ आणि घरातील महाविद्यालयात जाणारी नात, जिच्या पापण्या ओढून पाहिल्या तर आत लाली दिसत नाही, ती वजन उतरावे म्हणून प्रत्येक जेवणावर हा चहा पिऊ लागते. खोक्याचे पैसे गेले तर फारसे बिघडत नाही. गोळी सुटली आणि रक्त घटले तर मात्र बिघडते. म्हणून हा विषय गांभीर्याने समजून घ्यावयाचा.

समुद्राचे दव

रोझमेरी मूळची भूमध्य समुद्राच्या काठची. स्पेन, फ्रान्सचा दक्षिण भाग, इटली, ग्रीस, उत्तर आफ्रिका येथील खडकाळ, उन्हाने तापलेल्या टेकड्यांवर ती आपोआप उगवते. कमरेएवढे, कधी पुरुषभर उंचीचे सदाहरित झुडूप. सुईसारखी अरुंद पाने, वरून गडद हिरवी आणि खालून पांढुरक्या लवीची. फिकट निळी फुले. पान बोटांत चुरडले, की कापूर, निलगिरी आणि देवदार एकत्र आल्यासारखा उग्र परंतु प्रसन्न गंध येतो. लॅटिन भाषेत ‘रोस’ म्हणजे दव आणि ‘मारिनुस’ म्हणजे समुद्राचे. समुद्राचे दव! समुद्राकाठच्या कोरड्या डोंगरांवर वाढणाऱ्या झुडपाला असे नाव देणाऱ्यांच्या रसिकतेचे कौतुक वाटते.

युरोपच्या लोकजीवनात या झुडपाला जे स्थान आहे, ते समजण्यासाठी आपल्याकडील तुळस आणि दूर्वा डोळ्यांसमोर आणाव्यात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने तिच्या औषधी गुणांचे वर्णन केले. सन ८०० च्या सुमारास सम्राट शार्लमेन याच्या राज्यात शाही बागांतून कोणती झाडे लावावीत याची यादी निघाली. त्यात रोझमेरीचे नाव आहे. मठांतील संन्याशांनी ती औषधी वाफ्यांत जोपासली. मद्यार्कात तिचा अर्क उतरवून केलेले ‘हंगेरीच्या राणीचे पाणी’ हे युरोपातील आरंभीच्या सुगंधी द्रव्यांपैकी एक मानले जाते.

विवाहात वधूच्या हाती आणि अंत्ययात्रेत शवपेटीवर, दोन्ही प्रसंगी तिची डहाळी असे, कारण ती स्मृतीचे प्रतीक. शेक्सपिअरच्या ज्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूप आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने सिद्ध केले, त्यातील वेडी झालेली ऑफेलिया फुले वाटताना रोझमेरीचा संबंध स्मरणाशीच जोडते. ऑस्ट्रेलियात आजही २५ एप्रिल या दिवशी, १९१५ साली गॅलिपोली येथे झालेल्या लढाईतील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ, लोक छातीवर रोझमेरीची डहाळी लावतात. गॅलिपोलीच्या त्या टेकड्यांवर हे झुडूप रानात वाढते. त्याच टेकड्यांवर भारतीय सैन्यातील शीख आणि गुरखा जवानांनीही रक्त सांडले होते, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. त्यांच्या स्मरणार्थ आपल्याकडे किती जण किती डहाळ्या लावतात, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

तुळशीचे भावंड

आता वनस्पतिशास्त्राकडे वळू. रोझमेरी ज्या कुळात मोडते, त्याच कुळात आपली तुळस, सब्जा, पुदिना आणि ओवा म्हणून अंगणात लावतात ते जाड पानांचे झाडही मोडते. चौकोनी दांडा, समोरासमोर पाने आणि ओठांसारखी उघडणारी फुले ही या कुळाची खूण. कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये तिला ‘रोस्मारिनस ऑफिसिनॅलिस’ हे शास्त्रीय नाव दिले. २०१७ मध्ये आनुवंशिक अभ्यासाच्या आधारे तिचा समावेश ‘साल्व्हिया’ या प्रजातीत करण्यात आला आणि आता तिचे नाव ‘साल्व्हिया रोस्मारिनस’ असे झाले. जुन्या पुस्तकात एक नाव आणि नव्या वेष्टनावर दुसरे आढळले, तर गोंधळून जाण्याचे कारण नाही.

या पानांत मुख्यतः तीन प्रकारची द्रव्ये आहेत. पहिले उडून जाणारे सुगंधी तेल; त्यात निलगिरीत असणारे सिनिओल आणि आपल्या देवघरातील कापूर हे घटक असतात. दुसरे रोझमेरिनिक आम्ल. ते १९५८ मध्ये इटालियन रसायनशास्त्रज्ञांनी प्रथम याच वनस्पतीतून वेगळे केले, म्हणून त्याला हे नाव मिळाले. तेच आम्ल आपल्या तुळशीत आणि पुदिन्यातही आहे. नाव परदेशी झुडपाचे, परंतु द्रव्य आपल्या वृंदावनातही नांदते आहे! तिसरे कार्नोसिक आम्ल. तेल-तूप खवट होऊ न देण्याचा गुण या द्रव्यात इतका प्रभावी आहे, की युरोपीय संघाने २०१० मध्ये रोझमेरीच्या अर्काला अन्न टिकवण्यासाठी अधिकृत मान्यता दिली.

येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घ्यावा. कार्नोसिक आम्ल तेलात विरघळते, पाण्यात फारसे उतरत नाही. रोझमेरिनिक आम्ल मात्र पाण्यात चांगले उतरते. म्हणजे प्रयोगशाळेत अर्कावर जे प्रयोग झाले, त्यांचे सर्व निष्कर्ष कपातील चहाला लागू होत नाहीत. वेष्टनावर हमी छापणारे नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत.

चहा नव्हे, फांट

खरे तर या पेयाला चहा म्हणणेच चूक. चहाचे झाड वेगळे, त्याचे कुळ वेगळे. रोझमेरीत चहातील उत्तेजक द्रव्य, म्हणजे कॅफिन, मुळीच नसते. आपल्याकडे या कृतीसाठी सुंदर शब्द आहे आणि तो आपण विसरलो आहोत. तो शब्द म्हणजे फांट.

आयुर्वेदात वनस्पतीतून गुण काढून घेण्याच्या पाच मूलभूत कृती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. ताजी वनस्पती पिळून काढला तो स्वरस, वाटून केला तो कल्क, थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळला तो हिम. क्वाथ म्हणजे आपला काढा. शार्ङ्गधरसंहितेत त्याचे प्रमाण दिले आहे : भरड द्रव्याच्या सोळापट पाणी घालावे आणि आटवून अष्टमांश उरवावे. फांटाची रीत निराळी. भरड द्रव्यावर चौपट कढत पाणी ओतावे, ते मुरू द्यावे आणि गाळून घ्यावे. त्यात उकळणे नाही.

हा भेद कशासाठी? साल, मूळ, खोड यांसारखी कठीण द्रव्ये आटवल्याशिवाय गुण सोडत नाहीत. म्हणून त्यांचा काढा. फुले आणि सुगंधी पाने उकळली, तर त्यांतील सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते. म्हणून त्यांचा फांट. स्वयंपाकघर गवती चहाच्या घमघमाटाने भरते, तेव्हा तेवढा गुण कपातून निघून गेलेला असतो. आधुनिक रसायनशास्त्र जे सांगते, ते आपल्या पूर्वसूरींनी केवळ निरीक्षणाने ओळखले होते.

रोझमेरीच्या फांटाची रीत अशी : वाळलेल्या पानांचा चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे एक ते दोन ग्रॅम, कपात किंवा चिनीमातीच्या भांड्यात घ्यावा. त्यावर उकळते पाणी, साधारण दीडशे मिलिलिटर, ओतावे. वर झाकण ठेवावे. झाकण महत्त्वाचे, कारण अन्यथा सुगंध उडून जातो. पाच ते दहा मिनिटांनी गाळून घ्यावे आणि झाकणाला आतून लागलेले थेंबही कपात झटकावेत. दूध घालू नये. चव किंचित कडवट असते. हवा तर लिंबाचा थेंब पिळावा. ताजी पाने असतील तर बोटाएवढी एक डहाळी पुरे.

गुण किती, गवगवा किती

आता मूळ प्रश्न. याचा उपयोग कशासाठी?

युरोपीय संघाच्या औषध नियामक संस्थेत वनौषधींसाठी स्वतंत्र समिती आहे. तिने रोझमेरीच्या पानांवर अधिकृत टिपण प्रसिद्ध केले आहे. त्यात दोनच मुख्य उपयोग मान्य केले आहेत. पोटात घ्यावयाचा असेल तर अपचन, पोट गुबारणे आणि आतड्यातील किरकोळ मुरडा यांवर. आणि स्नानाच्या पाण्यात घातला तर स्नायू व सांध्यांच्या किरकोळ वेदनांवर. मात्रा तीच, वर सांगितलेली, दिवसातून दोन किंवा तीन वेळा. दोन आठवड्यांत उतार न पडल्यास डॉक्टरांकडे जावे, असेही त्यात आहे. वेष्टनावरची डझनभर आश्वासने आणि नियामकांचे हे दोन ओळींचे शांत विधान, यांमधील अंतर बोलके आहे.

स्मरणशक्तीचे काय? शतकानुशतकांच्या लोकश्रद्धेत तथ्य असेल का, हे पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत. इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात २००३ मध्ये एकशे चव्वेचाळीस स्वयंसेवकांवर एक प्रयोग झाला. रोझमेरीचा गंध दरवळणाऱ्या खोलीत बसलेल्यांची स्मरणाची गुणवत्ता काहीशी सुधारली, परंतु स्मरणाचा वेग मात्र मंदावला. म्हणजे ही बातमीही ‘स्मरणशक्ती वाढते’ इतकी सरळ नाही.

त्याहून बोधप्रद प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. सरासरी पंचाहत्तर वर्षे वयाच्या अठ्ठावीस वृद्धांना रोझमेरीच्या पानांची पूड वेगवेगळ्या मात्रांत देऊन त्यांची स्मरणाची गती मोजण्यात आली. सर्वांत लहान मात्रा पाऊण ग्रॅमची होती, म्हणजे स्वयंपाकात वापरतात साधारण तेवढीच. तिने गती सुधारली. सर्वांत मोठी मात्रा सहा ग्रॅमची. तिने गती उलट बिघडवली! प्रयोग लहान आहे, त्यावर इमले रचू नयेत. परंतु ‘नैसर्गिक आहे, जास्त घेतले तर जास्त फायदा’ या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नाही. मीठ चवीपुरते, हे आपल्या आयाबायांना शिकवावे लागत नाही. औषधी पानांच्या बाबतीत मात्र ते शहाणपण सुटते.

केसांविषयी एक वाक्य. रोझमेरीच्या तेलावर झालेला २०१५ चा एक प्रयोग सर्वत्र सांगितला जातो. परंतु ते तेल टाळूला लावले होते, पोटात घेतले नव्हते. चहा पिऊन केस वाढतात, असे त्यावरून कोणालाही म्हणता येणार नाही.

आणि दीर्घायुष्य? इटलीच्या दक्षिणेस चिलेंतो नावाचा किनारी प्रदेश आहे. तेथे वृद्धांची संख्या मोठी आणि प्रकृती ठणठणीत, म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे गेले. भूमध्य समुद्राकाठच्या आहाराचा अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ एन्सेल कीज अनेक वर्षे याच प्रदेशातील पिओप्पी गावी राहिले आणि २००४ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी निवर्तले. तेथील स्वयंपाकात रोझमेरी पुष्कळ असते, ही बातमी जगभर पोहोचली. परंतु तेथील माणसे रोझमेरीबरोबर डाळी-कडधान्ये, भाज्या, मासे, ऑलिव्हचे तेल खातात. चढउताराच्या वाटांनी पायी चालतात. आणि म्हातारपणी घराच्या कोपऱ्यात एकटी पडत नाहीत. बातमीत डहाळी तेवढी आली, जीवनपद्धती मागे राहिली. डहाळी खोक्यात भरून विकता येते; शेजारपाजार, चालणे आणि कुटुंब खोक्यात भरता येत नाही.

कोणी जपावे?

माता-भगिनींनी हा भाग विशेष लक्षपूर्वक ऐकावा.

पहिली गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, भारतातील पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील सत्तावन्न टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे चोपन्न टक्के होते. म्हणजे दोघींत एकीहून अधिक. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण स्त्रियांच्या आहारात रोझमेरीचा अर्क मिसळला असता अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. घट फार मोठी नव्हती. हिरव्या चहाने ती अधिक झाली. परंतु आपल्या शाकाहारी ताटातील लोह आधीच कष्टाने शोषले जाते. पालक, मेथी, नाचणी, अळीव यांतून जे मिळवायचे, त्यावर लगेच कपभर चहा ओतून ते घालवायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. हा नियम केवळ रोझमेरीला नव्हे, आपल्या नेहमीच्या दुधाच्या चहालाही लागू आहे. म्हणून कोणताही चहा जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये; मध्ये किमान तासभर जाऊ द्यावा. जेवणाबरोबर हवे असेल तर लिंबू पिळावे. त्याने लोह शोषले जाण्यास साहाय्यच होते.

दुसरी गोष्ट : गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी रोझमेरीचा औषधी मात्रेतील फांट घेऊ नये, कारण तो निर्धोक असल्याचा पुरेसा पुरावा नाही. युरोपीय टिपणात बारा वर्षांखालील मुलांनाही तो देऊ नये असे म्हटले आहे. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी, पित्तनलिकेचा किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून तो घेऊ नये. रक्त पातळ ठेवण्याच्या, मधुमेहाच्या अथवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी नियमित घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि चालू गोळी स्वतःच्या मनाने कदापि बंद करू नये. रक्तदाब चढलेला डोक्याला कळत नाही. तो कळतो, तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

तिसरी गोष्ट : पान आणि तेल एक नव्हे. बाटलीतील सुगंधी तेल म्हणजे मूठ-मूठ पानांचे सत्त्व थेंबात आलेले असते. त्यात कापराचा अंश असतो. ते पाण्यात टाकून पिणे धोक्याचे. फेफऱ्याचा विकार असलेल्यांना तर अधिकच. कापूर आरतीसाठी लावतात म्हणून तो कोणी खात नाही, इतके साधे तारतम्य येथेही पुरे.

आपल्या अंगणाचे काय?

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. परदेशी वनस्पतीवर एवढे बोलण्याचे प्रयोजन काय?

प्रयोजन हे, की युरोपने आपल्या आजीबाईच्या बटव्याचे काय केले, ते पाहावे. त्यांच्याकडेही रोझमेरी ही आजीचीच वनस्पती. त्यांनी तिला हसण्यावारी नेले नाही आणि डोक्यावर घेऊनही नाचले नाहीत. २००४ मध्ये युरोपीय संघाने पारंपरिक वनौषधींसाठी स्वतंत्र कायदा केला. किमान तीस वर्षांचा वापर आणि त्यातील किमान पंधरा वर्षांचा वापर युरोपातील, हे सिद्ध करणाऱ्या औषधाला ‘पारंपरिक’ म्हणून नोंदणी मिळू लागली. परंपरेला मान दिला आणि तिच्याकडून कागदही मागितला : पान कोणते, मात्रा किती, कोणी घेऊ नये, किती दिवस घ्यावे.

आपल्याकडे काय घडते? २०२० च्या महामारीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोन वेळा घेण्याचा सल्ला दिला. अनेक घरांत त्याचे चार-पाच पेले झाले, मिरी-सुंठेचे प्रमाण वाढत गेले, पोटात आग पडू लागली आणि मग दोष काढ्याला मिळाला. याच काळात गुळवेलीचे सेवन सर्रास सुरू झाले. गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. वापरलेली वेल खरोखर गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासलेच नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद शास्त्रज्ञांनी सोडवावा. परंतु दोन्ही पक्षांच्या म्हणण्यातून एकच धडा निघतो, आणि तो चरकाचार्यांचाच आहे : नाम, रूप, गुण जाणल्याशिवाय औषध घेऊ नये.

नोंदीचे बळ किती असते, हे आपण एकदा अनुभवले आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. आपल्या घराघरांत बोट कापले की हळद दाबतात. तरीही तो परक्यांचा शोध ठरला! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. तेथे भावना चालल्या नाहीत, ‘आमची आजी असे करीत असे’ एवढे म्हणणे पुरले नाही. जुने ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख, असे लेखी पुरावे चालले. ज्ञान आपले होते; ते आपले ठरले नोंदीमुळे.

तेव्हा सुनेच्या खोक्याचा अनादर करावयाचा नाही. पोट जड झाले असता रोझमेरीचा एक कप अवश्य घ्यावा. कुंडीत लावावयाची हौस असेल तर लावावी. निलगिरीच्या डोंगरांत तिची लागवड होते, आपल्याकडेही भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा असेल तर फांदीपासून ती जगते. कोकणातल्या पावसात मात्र मुळे कुजतात, म्हणून आडोशाला ठेवावी. आणि खोके घेणे परवडत नसेल, तर खंत करू नये. अंगणातील तुळस तिचेच भावंड आहे.

एक काम मात्र प्रत्येक घराने करावे. घरात आजी असेल, तर एक वही घेऊन तिच्याशेजारी बसावे. ती कोणत्या दुखण्यावर कोणते पान देते, किती देते, उकळते की नुसते मुरवते, कोणाला देत नाही आणि कधी थांबते, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. तिची ‘चिमूटभर’ म्हणजे किती, ते काट्यावर तोलून घ्यावे. शक्य तर ते पान वाळवून वहीत चिकटवावे आणि एखाद्या जाणत्या वैद्यांना दाखवावे. भूमध्य समुद्राकाठच्या आजीचे ज्ञान दोन हजार वर्षे टिकले, कारण ते प्रत्येक पिढीत कोणीतरी लिहून ठेवले. आपल्या आजीचे ज्ञान तिच्याबरोबर जाऊ द्यावयाचे की नाही, हे आज घरोघरी ठरते आहे. वही चार-दोन रुपयांची आहे. आजीकडे मात्र वेळ थोडा आहे.